तिसरा रकाना

गुन्नेवीच्या वहीत तीन रकाने.
पहिला नेहमीच्या सुरयांचा, दुसरा ध्रुवाकडच्या.
तिसऱ्याच्या माथ्यावर काहीच लिहिलेलं नाही,
खाली नुसत्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी.

मे संपत आलेला. ग्रोशेरच्या खडकावर उतरलो
तेव्हा डोक्यावरचं सगळं आभाळ किंचाळत होतं.
मी पुस्तक पाठ करून आले होते, घडाघडा म्हणून दाखवलं:
हिच्या चोचीला काळं टोक, तिची चोच अखंड लाल.
ही पायांवर उभी राहते, ती पोटावरच बसल्यासारखी,
पाय इतके आखूड की आहेत का ते खडकालाच विचारावं.
बसल्यावर शेपटीच्या काड्या पंखांपुढे गेल्या तर ती.
उन्हाकडे तोंड करून पाहा,
तिचा पंख सबंध उजळतो, तेल लावलेल्या कागदासारखा,
कडेला बारीक काळी रेघ, बोरूने ओढलेली.
हिच्या पंखात उजेड एका झरोक्यापुरता,
आणि रेघ जाड, ओली असताना बोट लागून फिसकटलेली.

"छान," गुन्नेवी म्हणाली. "आता ती वरची कोण?"

वरची तोवर गेली होती.

त्या दिवशी माझे दोन रकाने गच्च भरले,
तिसऱ्यात एक रेघ नाही.
संध्याकाळी मीच तिला आकडे वाचून दाखवले.
तिने कॉफीत पाव बुडवला, सावकाश खाल्ला,
म्हणाली, "बरीच हुशार आहेस."
ते कौतुक नव्हतं हे मला रात्री कळलं.
रात्र तरी कसली, अकरा वाजता भिंतीवर ऊन होतं
आणि झोप येईना म्हणून मी फळीवरच्या वह्या काढल्या.
चाळीस वर्षांच्या. पहिल्या वहीत
तिसरा रकाना कोरा, माझ्यासारखाच.
मग वर्षागणिक फुगत गेलेला.

"म्हणजे जितकं शिकलीस तितकं कमी कळत गेलं?"
सकाळी मी विचारलं.
"मासा धरला की कुठल्याही चोचीला काळं टोक येतं,"
एवढंच म्हणून ती वल्ही पुसत राहिली.

इथली जमीन समुद्रातून वर येते आहे,
वर्षाला गव्हाच्या दाण्याएवढी.
तिच्या बापाने बोट बांधायला ठोकलेली लोखंडी कडी
आता ज्युनिपरच्या झुडपात आहे, पाण्यापासून सत्तर पावलांवर.
येता-जाता गुन्नेवी तिला हात लावते.
मला वाटलं सवय असेल.
चौथ्या दिवशी कळलं, ती रस्ता चाचपत असते.
डोळ्यांच्या ऐन मध्यावर धुकं बसलंय,
कडेकडेने काय दिसेल तेवढंच.

मग मोजतेस कशी?

तिने टोपी काढून माझ्या हातात दिली.
वस्तीत शिरताना डोक्यावर काठी धरायची असते,
पक्षी उंच टोकावर झडप घालतात म्हणून.
तीही तिने खाली ठेवली
आणि विरळ पांढरे केस वाऱ्यावर सोडून
घरट्यांच्या कडेला जाऊन उभी राहिली.

पहिली आली. किंचाळत, सरळ कपाळावर,
आणि वीतभर अंतरावरून वळली.
"नेहमीची. हिचा धीर इथेच सुटतो."

दुसरी वळली नाही.
टक्.
भांगात रक्ताचा थेंब, लालावर काळं काही नाही.
"ध्रुवाकडची," गुन्नेवी म्हणाली, जवळजवळ खूश होऊन.
"पृथ्वीच्या तळापासून आलीय बाई. माझ्यासाठी कशाला थांबेल?"

"नेहमीची कधीच मारत नाही?"
"मारते की. एकोणनव्वदमध्ये कान फोडला होता."

तिसरी वरच्या वर शिटून गेली.
गुन्नेवीने केस चाचपले. बोटं हुंगली.
विचार केला, बराच वेळ,
मी पेन्सिल घेऊन ताटकळत,
खाली समुद्र, त्याला कसलीच घाई नाही.

"हे दोघीही करतात," ती शेवटी म्हणाली.
"ओढ एक रेघ."